लाल पुडीचा डबा

पालघर स्टेशनच्या पूर्वेला, भाताच्या गिरणीमागे आमची शेड होती. पत्र्याचं छप्पर, रबर मळायची एक मिल, ते साच्यात दाबायचे दोन प्रेस, एक मोठी विजेची भट्टी आणि दाराजवळ माझं टेबल. मॅट्रिक झाल्यावर टायपिंग शिकून मी तिथं स्टोअर सांभाळायला लागले होते. काय आलं, काय गेलं, कोणी नेलं, किती उरलं, सगळं वहीत. मालक, म्हणजे आमचे साहेब, आल्यागेल्याला सांगायचे, "हिच्या वहीत नसेल तर ती वस्तू जगात नाही." मला ते ऐकून फार बरं वाटायचं. आता पन्नाशीत हे लिहायला बसताना आठवतील तेवढ्या गोष्टी आधी एका कागदावर टिपून घेतल्या, त्यात हे वाक्य पहिलं लिहिलं.

साठच्या दशकाची अखेर होती. तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं आणि बोईसर ठेकेदारांनी, वेल्डरांनी आणि हिंदी बोलण्याने भरून गेलं होतं. वेल्डिंगच्या कांड्यांना जराही दमट हवा लागली की जोड कच्चा राहतो, म्हणून त्या वापरण्याआधी भट्टीत भाजून कोरड्या ठेवाव्या लागतात. बोईसरचा एक ठेकेदार या कांड्यांसाठी छोट्या भट्ट्या बनवायचा. त्या भट्ट्यांच्या दारांना बसवायच्या रबरी पट्ट्या आम्ही करून द्यायचो. साधं रबर त्या आचेला चिकट होऊन वितळतं, म्हणून पट्ट्या सिलिकोन रबराच्या. त्याचा कच्चा माल बाहेरच्या देशातून, परवान्यावर यायचा आणि मी तो कुलपात ठेवायची.

सिलिकोन उष्णता सोसतं, पण किती दिवस? साहेब मुंबईत रसायनांच्या कंपनीत काम करून आलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून समजावलं. "हे रबर म्हणजे लांबच लांब साखळ्या. साखळीला दोन्ही बाजूंनी बारीक फांद्या. आच आणि हवा मिळून त्या फांद्या तोडतात. मग तुटलेल्या जागा शेजारच्या साखळीला जाऊन चिकटतात. असं चिकटत चिकटत सगळं जाळं आवळलं गेलं की रबर कडक होतं आणि कडाकड मोडतं. तो मोड लांबवायला आपण त्यात ही पूड घालतो."

ती पूड म्हणजे शुद्ध केलेलं लोखंडाचं ऑक्साईड. गर्द लाल, मैद्यासारखी मऊ. शंभर भाग रबराला दोन-तीन भाग, बास.

"म्हणजे मग मोडतच नाही?" मी विचारलं होतं.

"मोडतं. उशिरा मोडतं. आपण उशीर विकतो," असं म्हणून साहेब हसले होते.

शेडमध्ये त्या पुडीला सगळे कुंकू म्हणायचे. ती मिलवर घालायचं काम मामांचं. मामा कोल्हापूरकडचे, चाळिशीच्या आसपासचे, सगळ्यांचेच मामा. मिलचे दोन जाड रूळ एकमेकांकडे फिरत असायचे, त्यांच्यामध्ये रबराचा पांढरा गोळा कणकेसारखा मळला जायचा आणि मामा वरून चिमटीने पूड सोडत राहायचे. पांढऱ्यात आधी लाल रेघा उठायच्या, मग गोळा गुलाबी व्हायचा, मग विटेसारखा. रुळांत बोटं जाण्याची भीती म्हणून मी त्या बाजूला फिरकत नसे. मामा मात्र तिथं उभे राहून गावच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या नखांतला लाल रंग कधी गेला नाही.

पूड तोलून द्यायचं आणि शेड झाडायचं काम मावशींचं. मावशी मासवणजवळच्या पाड्यावरच्या. पावसाळ्यात घरच्या तुकड्यावर नागली आणि भात, बाकीचे महिने पालघरला बहिणीच्या झोपडीत राहून आमच्याकडे काम. शनिवारी दुपारी मनोरच्या बसने घरी, सोमवारी सकाळी परत. मामांची आणि त्यांची रोज काहीतरी जुंपलेली असायची.

"मामा, असं हात घेऊन घरी जाशाल तं बायको दारातून हाकलून देल. बोलंल, कोनाचा कुंकू पुसून आला हा?"

"तुमच्या ताडीपेक्षा बरा हाय माझा रंग, मावशी. धुतला तर जातो तरी."

"जातो? आनाखी धुवा!"

मामांची बायको मात्र त्यांना दारातून हाकलण्याइतक्या जवळ नव्हती. ती गावी, मुलगीही गावी. मुलगी सातवी पहिल्या नंबराने पास होणार होती आणि गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती. जवळचं हायस्कूल तालुक्याला, मधे नदी. मामांच्या भावकीने मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवातही केली होती. मामांनी ठरवलं होतं की जूनच्या आत दोघींना पालघरला आणायचं आणि मुलीला आठवीत घालायचं. हायस्कूलच्या हेडमास्तरांना ते भेटून आले होते. गिरणीच्या चाळीत खोली बघितली होती. आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत हात पुसत माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "ताई, मला एक यादी करून द्या. बिऱ्हाडाला काय काय लागतंय ते. मला काय सुचत न्हाई. तुमचं डोकं त्यात लई चालतं."

मी मोठ्या हौसेने यादी केली. स्टो, दोन बादल्या, पाण्याचा हंडा, तवा, परात, पोळपाट-लाटणं, सतरंजी, दोन गोधड्या, कंदील, दप्तर आणि मुलीसाठी निळा स्कर्ट-पांढरा ब्लाऊज. अकरा ओळी, प्रत्येकीपुढे एक चौकोन. वस्तू आली की मामा यादी माझ्याकडे आणायचे आणि मी चौकोनात खूण करायची. त्यांनी स्वतः खूण केली असती तरी चाललं असतं, पण ते करायचे नाहीत. एप्रिलच्या मध्यापर्यंत आठ खुणा झाल्या होत्या.

त्याच आठवड्यात ठेकेदाराची मोठी मागणी आली. मंगळवारी सकाळी माल मळायला घेतला. मावशींनी पूड तोलून दिली, मी डब्याचं आधीचं आणि नंतरचं वजन वहीत लिहिलं आणि टेबलाशी परतले. थोड्या वेळाने मिल थांबल्याचा आवाज आला. मामा पसाभर पूड घेऊन माझ्यापुढे उभे.

"ताई, ही पूड आज हाताला खरखरतीया."

मी वही उघडली. डबा तोच, वजन बरोबर, नवा माल आलेला नाही. "तोच डबा आहे, मामा. वजन बघितलंय मी."

"वजन असंल बरोबर. हाताला न्हाई बरोबर लागत. रोजची कशी, लोण्यावानी सुटती."

"उकाड्याने घाम आला असेल हाताला."

"घाम मला रोज येतो, ताई."

मला त्या दिवशी तीन चलनं टाइप करायची होती. मी म्हटलं, "वहीत सगळं जुळतंय. घाला तुम्ही." मामांनी पुडीकडे एकदा बघितलं, परत गेले आणि मिल सुरू झाली.

आमच्याकडे एक रीत होती. प्रत्येक मळणीतल्या रबराच्या बोटभर पट्ट्या कापून, दोऱ्याने चिठ्ठी बांधून परीक्षेच्या वेगळ्या छोट्या भट्टीत टांगायच्या. अडीचशे अंशांवर रोज तापत ठेवायच्या. रोज सकाळी त्यातली एक काढायची, थंड होऊ द्यायची आणि पेन्सिलीभोवती वळवायची. वळली की वहीत "ठीक". सात दिवस ठीक आलं की माल बाहेर. पण ठेकेदाराचा माणूस तिसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन दारात येऊन बसला आणि साहेबांनी माल सोडला. तोपर्यंत तीनही पट्ट्या वळल्या होत्या. चौथीही वळली, जराशी कुरकुरत. पाचवी पेन्सिलीवर टेकवली आणि ती माझ्या बोटांत बिस्किटासारखी तुटली. मोडलेल्या कडेला बारीक बारीक फुगे होते.

दोन दिवसांनी ठेकेदार स्वतः आला. गोणी माझ्या टेबलाशेजारी उपडी केली. तुटलेल्या, उललेल्या पट्ट्यांचा ढीग. त्याच्या भट्ट्यांची दारं हवा सोडत होती, भाजलेल्या कांड्या पुन्हा दमट झाल्या होत्या, केलेलं काम तपासणीत नापास झालं होतं. तो साहेबांना जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. जाताना म्हणाला, "ज्याने हे केलं तो माणूस तुमच्याकडे असेपर्यंत माझी मागणी तुमच्याकडे नाही."

साहेबांनी खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बैठक मारली आणि वही मागितली. मामा समोर उभे, हात पुसत. मावशी त्या दिवशी आल्या नव्हत्या, मुलीच्या लग्नाच्या तयारीसाठी रजेवर होत्या.

"रबर बरोबर. पूड बरोबर. रबर पक्कं करायची पेस्ट बरोबर. प्रेसची आच, भट्टीचे तास, सगळं बरोबर." साहेब एकेक ओळीवर बोट फिरवत होते. "मिलवर किती वेळ फिरवलंत?"

"गोळा तुकतुकीत होईस्तवर."

"म्हणजे किती मिनिटं?"

"घड्याळ कुठंय साहेब मिलवर. नजरंनं कळतं."

"पूड नीट मिसळली नसणार. एकीकडे जास्त, एकीकडे नाहीच. आणखी काय असू शकतं?"

"पूड..." मामांनी सुरुवात केली आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. "ताईंना विचारा."

साहेबही माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणाले, "वजन बरोबर होतं, साहेब."

ते खरंच होतं. मामा आणखी क्षणभर थांबले. मी काही तरी आणखी बोलेन असं त्यांना वाटत असावं. मी वहीच्या पानाचा दुमडलेला कोपरा सरळ करत होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा हात पुसायला लागले. मामांच्या कामाचा रकानाच माझ्या वहीत नव्हता. बाकी सगळं लिहिलेलं आणि बरोबर होतं, तेव्हा जे लिहिलेलं नव्हतं तेच चुकलं असणार, हे साहेबांना पटलं. त्या वेळी मलाही पटलं. खरखरीचं मी तेवढ्यातल्या तेवढ्यात विसरले नव्हते. पण ते सांगायचं तर मी "घाला तुम्ही" म्हटलं हेही सांगावं लागलं असतं.

शनिवारी साहेबांनी हिशेब चुकता करून मामांना कामावरून काढलं. निघताना माझ्या टेबलावर यादी ठेवली, चौघडी घातलेली, घडीवर लाल बोटांचे ठसे.

"ही तुमची, ताई."

"असू दे की मामा. उपयोगी पडेल."

"आता कशाला? बादल्या न् सतरंजी चाळीतल्या बाईला दिल्या मी."

आठ चौकोनांत खुणा, तीन रिकामे. कंदील, दप्तर, स्कर्ट-ब्लाऊज.

पुढच्या रविवारी मावशींच्या मुलीचं लग्न होतं. जावं असं मनात नव्हतं, पण मी येणार म्हणून आधीच लिहून ठेवलं होतं, म्हणून गेले. मनोरच्या बसने मासवणच्या फाट्यावर उतरले. मावशी मला घ्यायला फाट्यावर उभ्या, नवं लुगडं, केसांत फुलं.

"बाय, आलं तुमी! मी बोललो ना आमचे घरात, माझी बाय नक्की येल. वहीत लिवलाय तिनं."

पाड्यावर सगळ्या घरांच्या कुडाच्या भिंती गेरूने सारवलेल्या असतात. पिवळट, तपकिरी, त्या मातीचा जसा असेल तसा रंग. मावशींच्या घराची बाहेरची भिंत तशीच होती. आत लग्नाचा चौक काढलेली भिंत मात्र वेगळी. तांदळाच्या पिठाने काढलेला पांढरा चौक, त्यात देवी, भोवती नाचणारी माणसं, घोडा, झाडं, आणि त्या सगळ्याच्या मागे गर्द, मऊ, एकसारखा लाल.

तो रंग मी रोज बघत होते. डब्याच्या झाकणावर, तराजूच्या पारड्यात, मामांच्या नखांत.

"रंग कसा आला, बाय?" मावशी कौतुकाने विचारत होत्या. "सगला पाडा बघून गेला."

"कुठून आणलात?"

"तुमचे डब्यातला!" त्यांना माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "यंदा आमचा गेरू फिका निंगाला. पोरीचा लगीन, देवीचा चौक, फिके भिताडावर कसा लिवायचा? तुमी शनवारी बँकेत गेलेलं, मंग विचारू कोनाला? पन घेतला तवढा ठेवला हां. सोमवारी आमचा गेरू आनला, फडक्यातून गालला, तुमचेच तराजूत तोलला नि डब्यात टाकला. चिमूटभर जास्तीच टाकला, तुमाला कमी नको पडाया."

पाड्यावर हे रोजचं होतं. शेजारणीच्या घरातून पसाभर पीठ, मीठ, रंगाची माती न्यायची आणि तेवढीच आपली आणून ठेवायची. त्यासाठी विचारायला घरात माणूस असावंच लागतं असं नाही. मावशींनी चोरी केली नव्हती आणि लबाडीही केली नव्हती. लाल मातीच्या बदल्यात लाल माती, मापाला माप. त्या मातीत चिकणमाती होती, वाळूचा कण होता, खार होता, ओल होती. आचेला त्यातून वाफ सुटली, फुगे आले, आणि जो मोड लांबवायचा तो उलट लवकर आला. हे मावशींना कसं माहीत असणार? मला माहीत होतं. माझ्या वहीने वजन विचारलं आणि वजन जुळलं.

"तुमी रडतंय काय, बाय?" मावशींनी पदराने माझं तोंड पुसलं. "पोर माझी चालली नि रडतंय तुमी!"

मी त्यांना तेव्हा काही सांगितलं नाही. नंतरही सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. खरं हे की त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, "मंग मामाला कलला नाय?" आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

सोमवारी साहेबांना मी एवढंच सांगितलं की डब्यातली पूड बदलली गेली होती, डबा माझ्या ताब्यात होता, तेव्हा चूक माझी. साहेबांनी पूड पाण्यात ढवळली. थोड्या वेळाने तळाला वाळू बसली. त्यांनी तो पेला माझ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ठेकेदाराशी मी बोलतो. तू मामांना लिही, या म्हणावं."

मी पत्र लिहिलं. चौकशीत असं असं आढळून आलं, आपला दोष नव्हता, साहेब आपणास पुन्हा कामावर बोलवत आहेत, शाळा सुरू होण्यास अद्याप अवधी आहे. नीटनेटकं, टाइप केलेलं, एका पानाचं. पूड बदलल्याचं त्यात होतं. मामांनी मला ती हातावर घेऊन दाखवली होती, ते नव्हतं.

जून गेला. जुलैत दुसरं पत्र टाकलं. मावशी शेतीच्या कामाला पाड्यावर गेल्या होत्या, पण बाजाराला आल्या की शेडच्या दारात उभं राहून विचारायच्या, "मामाची पोर आली का नाय शालेत?" मी म्हणायची, "अजून नाही, मावशी." "येल, येल. मामा हाय ना," म्हणून त्या निघून जायच्या.

श्रावणात उत्तर आलं. पोस्टकार्ड, शाईने लिहिलेलं. इतकं सुंदर अक्षर मी तोवर कोणा लहान मुलीचं बघितलं नव्हतं. काना, वेलांटी, सगळं जागच्या जागी, ओळी पट्टी लावल्यासारख्या सरळ. मायना अगदी रीतसर. मग लिहिलं होतं:

"तुमची दोन्ही पत्रं पोचली. बाबा इचलकरंजीला मागावर लागले आहेत, ते आता आले तेव्हा त्यांना वाचून दाखवली. येणं जमणार नाही असं ते म्हणाले. माझं लग्न मार्गशीर्षात ठरलं आहे. बाबांनी तुम्हाला एवढंच कळवायला सांगितलं आहे की पूड खरखरत होती."

खाली तिची सही, पूर्ण नावाची.

त्या वर्षी मी वहीत एक रकाना वाढवला, "हाताला कशी". मिलवरच्या माणसाने पूड हातावर घेऊन सांगितल्याशिवाय मिल सुरू करायची नाही. नव्या माणसाला तो रकाना विनोदी वाटायचा. "मऊ, ताई, मऊ!" असं तो डब्याकडे न बघताच ओरडायचा, मग मी उठून त्याच्या हातावर पूड ठेवायची. साहेबांनी मिलवर घड्याळही लावलं. पुढे पट्ट्या कधी वेळेआधी तुटल्या नाहीत. त्यानंतर मी आणखी नऊ वर्षं तिथं काम केलं आणि मालाबद्दल एकही गोणी परत आली नाही.

माझ्या टेबलावर दुसरी एक वही असायची, करायच्या कामांची. झालेल्या कामावर रेघ आणि महिनाअखेर उरलेली कामं पुढच्या पानावर उतरवायची, ही माझी सवय आजही आहे. श्रावणात त्या वहीत मी लिहिलं, "पत्राचं उत्तर." भाद्रपदात ती ओळ पुढच्या पानावर गेली, मग त्याच्या पुढच्या. दोनदा कागद घेऊन बसले. मुलीला लिहायचं की मामांना, हे ठरेना. मामांना लिहायचं तर तिलाच वाचून दाखवावं लागणार होतं.

मार्गशीर्ष आला आणि गेला. जानेवारीत वही संपली, मी नवी आणली, उरलेली कामं एकेक करून त्यात उतरवली. ती एक ओळ सोडून.